तिकिटावरचे दोन अक्षरी नाव आहे तसेच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
प्रवासी तिकीट विभाग,
विमान कंपनीचे मुख्य कार्यालय.

विषय: भावाने काढलेल्या तिकिटावरील आखूड नाव न बदलता अर्जदारास विमानात बसू देणेबाबत.

संदर्भ: आपले दि. ३ चे पत्र, "नाव जुळत नसल्याने प्रवास नाकारण्यात येईल."

महोदय,

१. अर्जदार ही इस्त्रीकाम करणारी बाई असून वय वर्षे बासष्ट आहे. थोरल्या भावाच्या लॉन्ड्रीत तिने एकतीस वर्षे इस्त्री केली. कपड्यांवर शाईने खुणा घालण्याचे काम भावाकडे होते. कॉलरच्या आत जागा ती केवढी! म्हणून गिऱ्हाईक कितीही मोठे असो, भाऊ त्याचे नाव दोन अक्षरांत बसवीत असे. घरच्या कपड्यांनाही तीच शिस्त होती.

२. गेल्या वर्षी दुकान बंद करून भाऊ परदेशात आपल्या मुलीकडे राहायला गेला आणि तिथे त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. अर्जदारास भेटीला बोलावण्यासाठी त्याने डाव्या हाताने, कोणाची मदत न घेता, अख्खी दुपार खर्चून हे तिकीट काढले आणि नावाच्या रकान्यात सवयीने अर्जदाराची खूण घातली. मग फोनवर अडखळत का होईना, म्हणाला, "मी काढलं. एकट्यानं." आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसला. अर्जदार रडली, हे नमूद करण्यास तिला लाज वाटत नाही.

३. आपल्या पहिल्या खिडकीवरील साहेबांनी पासपोर्ट आणि तिकीट शेजारी ठेवून, "मावशी, ह्या तुम्ही नाहीच," असा निकाल दिला. तिकिटावरील बाईने आपली जागा अर्जदारास सोडल्याचे लिहून आणा, असे दुसऱ्या खिडकीने सांगितले. अर्जदाराने तिथेच उभ्याउभ्या दोन्ही बायांच्या वतीने सह्या केल्या. दोन्ही सह्या एकाच हाताच्या दिसतात, असा शेरा मारून तो कागद परत करण्यात आला. आता ह्यावर काय बोलावे!

४. आपले पत्र म्हणते की, तिकीट काढणाऱ्याने "माझ्याकडून चुकीचे नाव भरले गेले" असे लिहून दिल्यास दुरुस्ती होईल. भाचीही म्हणते, "आत्या, बाबांची सही मी घेते, कशाला हट्ट करतेस?" सपशेल नामंजूर. आजारी पडल्यापासून त्याच्या हातातला चमचा लोक सरळ करतात, बटणे लोक लावतात, अर्धे राहिलेले वाक्यही लोकच पुरे करतात. एक काम त्याने स्वतः केले, तर तेही चुकले असे त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे? अर्जदाराच्या जिवात जीव आहे तोवर ते होणे नाही.

५. सबब, नावाला हात न लावता शेजारी पासपोर्टवरील नावाची नोंद करावी, एवढीच विनंती आहे. आपल्याकडे अर्जदाराचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही आहे. भावाकडे फक्त दोन अक्षरे होती. एकतीस वर्षांत त्याच्या दुकानातून एक रुमालदेखील चुकीच्या घरी गेला नाही.

६. अर्जदार येत्या १९ तारखेस सकाळी सहा वाजता बॅग घेऊन आपल्या खिडकीसमोर उभी राहील. अंगात करडा स्वेटर असेल आणि गळ्याच्या आत भावाच्या हातची तीच खूण. शंका आल्यास ती वाचावी आणि अर्जदारास ज्या घरची आहे त्या घरी पोचते करावे.

आपली नम्र, परंतु खिडकीसमोरून न हटणारी,
(सही, दोन अक्षरी)
दिनांक: १२

सोबत:
पासपोर्टची प्रत.
तिकिटाची प्रत.
खूण असलेला उशीचा अभ्रा, एक. (तपासून परत करावा. घडी मोडू नये.)