काकांची सही

बाबा, तुम्ही होतात तोवर तुम्हाला कोणी काही बोललं नाही. आईसुद्धा नाही. म्हणून आता मी बोलते, या पत्रातून. मरोळच्या कारखान्यात तुम्ही युनियनचे सेक्रेटरी, आणि समोरच्या दारातले काका तुमचा उजवा हात. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली, काकांनी सही केली, त्यांच्यामागून बाकीचेही गेले आणि युनियन मोडली. त्या दसऱ्याला काका आपट्याची पानं घेऊन दारात उभे आहेत. आई त्यांच्यासाठी श्रीखंड वाटीत काढतेय. तुम्ही हात पुढे करत नाही. ‘‘फुटीराच्या हातचं सोनं नको. गेटवर एकटं सोडलंस ना? मग दारात कशाला आलास?’’ ‘‘अरे, घर चालवायचंय मला. निदान सणाला तरी राग सोड.’’ तुम्ही आत निघून गेलात. काकांनी पानं उंबऱ्यावर ठेवली. आईने श्रीखंड परत पातेल्यात टाकलं. पुढे तुम्ही जाईपर्यंत दोन्ही दारांत बोलणं नव्हतं. खांदा द्यायला मात्र काकाच आले. युनियनचं कोणी फिरकलं नाही.

आता माझं काम ऐका. ऑफिसात आम्ही न्यूरल नेटवर्क वापरतो. म्हणजे कॉम्प्युटरला देशोदेशींची जुनी आकडेवारी दाखवून शिकवतो. कारखाने किती, बेकारी किती, कायदे कसे, आणि कामगारांपैकी किती जण युनियनमध्ये. त्यावरून पुढे युनियनमध्ये किती उरतील याचा तो अंदाज बांधतो. बऱ्याच देशांच्या रेघा खाली घसरत जातात. जिथे मरोळ नाही, काका नाहीत, तिथल्याही. ते बघून मला हलकं वाटायला हवं होतं, पण राग आला. जगभर जे होत होतं, त्याचा गुन्हेगार तुम्ही समोरच्या दारात शोधलात.

परवा काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे मी सही केली नसती तरी युनियन गेलीच असती? विचार ना गं तुझ्या मशीनला.’’ मला हो म्हणायचं होतं. म्हटलं, ‘‘काका, त्यात देश आहेत, माणसं नाहीत. एका सहीचं त्याला नाही सांगता येत.’’ ते हसले. ‘‘म्हणजे तुझा बाप बरोबरही असेल. मेला तरी पिच्छा सोडत नाही, साला.’’ चहा अर्धाच ठेवून उठले.

हे ऐकून तुम्ही खूश झाला असतात. म्हणून हे तुमच्या फोटोसमोरही वाचणार नाही. एवढंच सांगते, काका आले की तुमच्या खुर्चीत बसतात. मीच बसवते.