आईचा पास

चिरंजीव धाकट्या,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तू लगेच दुसरं ॲप सुचवशील.

आईच्या बसपासची मुदत संपली तेव्हा तू फोनवर म्हणालास, "ताई, घरबसल्या दोन मिनिटांचं काम आहे." मी मोबाइल आईसमोर धरला. आतून आवाज आला, "डोळे मिचकावा." अंधांच्या पाससाठी, बरं का! आई म्हणाली, "त्याला सांग, असते तर मिचकावले असते."

कार्यालयात गेले, तर शटर बंद. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ते कायमचं बंद झालं. आता सगळं ॲपवर." हेल्पलाइनवर यंत्र बोलतं. त्याच्याशी भांडून माझा घसा बसला.

काल आई पासशिवायच निघाली. अंध मुलांना ब्रेल वाचायला शिकवायचा वर्ग ती चुकवत नाही. मी सोबत होते. कंडक्टरनं पास मागितला. मी तिकिटासाठी पर्स उघडेपर्यंत आईनं काळा चष्मा काढला आणि म्हणाली, "हा घ्या पास."

तो ओशाळून म्हणाला, "बसा, मावशी."

अपघातानंतर आईनं आपल्यासमोरसुद्धा कधी चष्मा काढला नव्हता रे. काल भरल्या बसमध्ये काढला.

घरी आल्यावर म्हणाली, "वर्गवाल्यांना सांग, माझ्या जागी दुसरी बाई बघा."

तुझ्यावर उगाचच चिडलेली,
ताई