आईचे कॅनव्हासचे बूट

आई, आज दुकानात एक पोरगी पांढरे कॅनव्हासचे बूट मागायला आली आणि तू आठवलीस. मंचरला आता आमचं चपलाबुटांचं दुकान आहे. तू गेल्यावर टाकलं.

शाळेत शनिवारच्या कवायतीला असलेच बूट लागायचे. नववीत माझे मला आखूड झाले, ते तू पायात घातलेस. ऊसतोडीत तुझ्या उजव्या पायाचा अंगठा कोयत्यानं गेलेला, म्हणून अंगठ्याची चप्पल पायात ठरेना आणि तू वर्षानुवर्षं अनवाणी. नाडी आवळून पडवीत फेरी मारलीस. म्हणालीस, "लई हलकं हाय गं! निसटत बी न्हाई." कांदे काढताना बायका चिडवायच्या, "आली बघा कवायतीची बाई!" तू म्हणायचीस, "हसा, हसा. काटा मोडला की मग रडा." एकदा बुटाच्या आतल्या अंगाची दोन भोकं दाखवून विचारलंस, "ही कशापायी गं?" मी ठोकून दिलं, पाणी निथळायला. खरं तर ती हवेसाठी असतात. हे बूट आधी परदेशात खेळणाऱ्यांसाठी निघाले, हे मला दुकान टाकल्यावर कळलं. वर हलकं कापड, खाली तापवून पक्कं केलेलं रबर, त्यामुळे चालताना आवाज नाही. म्हणूनच तू मागून आलेली कळायची नाहीस. अभ्यास सोडून शेजारी टीव्हीपुढे बसलेली मी, आणि पाठीत धपाटा! साहेबलोकांच्या खेळाचे बूट घालून आपण कांदे काढतोय, हे ऐकून तू किती हसली असतीस गं.

तुझ्या तेराव्याला छत्री आणि वहाणा दान द्यायच्या होत्या, पुढच्या वाटेला पाय पोळू नयेत म्हणून. थोरल्या चुलत्यांनी ओतूरहून कोऱ्या चपला आणल्या. अंगठ्याच्या! मी भडकले. "तिच्या पायात ठरणार नाहीत या. तिचे बूट द्या." चुलते म्हणाले, "येडी का काय तू? बाईमाणसाच्या दानात बूट? अन् तेबी वापरल्यालं? लोक त्वांडात शेण घालतील." मी सगळ्यांदेखत भांडले, रडले. शेवटी चपलाच गेल्या. तिथं तू कशी चालत असशील, या विचारानं अजून कधी कधी घास उतरत नाही.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून तुला एकटीलाच सांगते. चुलते नाही म्हणाले तेव्हा रडता रडता मला आतून हायसं वाटलं होतं. बूट गेले असते, तर तुझं माझ्यापाशी काय उरलं असतं?