सुतारकाकांच्या कार्डावर

४ मार्च

चि. टिल्लूस, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझ्यामागे सतत कुणीतरी बोलत असतं आणि हे चारचौघांत ऐकण्यासारखं नाही, म्हणून पत्र. वाचून फाडून टाक.

गेल्या वर्षी तू आमच्या वाचनालयात तुझी ती संगणकाची व्यवस्था बसवलीस. तीन वर्षांत ज्या पुस्तकाला हात लागला नाही ते कपाटाबाहेर, आणि देवघेव घटली की संध्याकाळची अभ्यासिका बंद, असं तूच म्हणाला होतास. सव्वीस वर्षं लावलेली कपाटं माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होणार! मग मी एक उद्योग केला. आठवड्याला पाच पुस्तकं नेणारे आपले सुतारकाका, त्यांच्या कार्डावर मीच पुस्तकं चढवायला लागले. आज दिलं, उद्या जमा. काका जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आजीव सभासद, त्यामुळे कार्ड चालूच. पुढे धीर चेपला आणि गाव सोडून गेलेल्यांचीही कार्डं वापरली.

मागच्या महिन्यात मी तापाने पंधरा दिवस घरी होते आणि काकांच्या नावावरचं समुद्रप्रवासाचं जाडजूड पुस्तक जमा करायचं राहिलं. त्याच महिन्यात तू ते मेसेज पाठवणं सुरू केलेलं. काकू काकांचा फोन रोज चार्ज करून ठेवतात रे! त्यावर आठ दिवस रोज मेसेज, की आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली. काकूंनी घर पालथं घातलं. शेवटी सुनेवर आळ घेतला, की तूच रद्दीत घातलंस. शब्दाने शब्द वाढला आणि सून लेकीला घेऊन माहेरी निघून गेली.

काल काकू माझ्या टेबलापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. पुस्तक हरवलं, दुसरं आणून देते म्हणाल्या. आणि ते पुस्तक माझ्या पाठीमागे कपाटात होतं! मी काय म्हणाले असेन? असू द्या काकू, नाही सापडलं तरी चालेल. त्या मला दुवा देत गेल्या. मला माझीच लाज वाटते आहे. काय करू ते लवकर कळव.

लोभ आहेच, या पत्राने तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी, ताई

---

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. लहानपणी माझ्या खिशातली चोरलेली बोरं शोधून काढणारी तू, आणि हे! असो, तुला चिडवण्याची ही वेळ नाही.

ती नोंद मी इथे बसून पुसली आहे. काकूंना सांग की मेसेज चुकून गेला, यंत्राचा दोष. यंत्राची चूक म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. सुनेलाही तेच कळवायचं, म्हणजे ती परत येईल. बाकीच्या नोंदींना हात लावू नकोस. खरे आकडे बाहेर आले तर अभ्यासिका जाईल आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना समिती तुला घरी बसवेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्यातल्या हरिश्चंद्राला जरा गप्प बसव.

औषधं वेळेवर घे. तुझी भावजय आणि मुलं बरी आहेत.

माया आहे तशीच राहो.

तुझा, टिल्लू

---

१४ मार्च

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकायचं ठरवूनच काकूंकडे गेले होते. यंत्राची चूक झाली, असं म्हणालेसुद्धा. काकू म्हणाल्या, बिचारं यंत्र, त्याला काय कळतंय माणूस गेलेलं! ते ऐकलं आणि माझ्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आतून फोन आणून ते आठही मेसेज मला एकेक करून दाखवले. यांचं काहीतरी राहून गेलंय, ते आपण पुरं करावं, असं वाटायचं म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता सुनेला तूच जाऊन सांग, मला तोंड उरलं नाही. मी पुढच्या आठवड्यात रविवारी जाणार आहे.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी समितीच्या बैठकीत सगळी खोटी कार्डं पुढे ठेवणार आहे. ओरडू नकोस. काल दिवसभर मी दाराशी कागद घेऊन बसले आणि आलेलं माणूस न् माणूस मोजलं. त्रेसष्ट आले. पुस्तकं नेली नऊ जणांनी. बाकीचे नोकरीचे अर्ज संगणकावर भरायला, परीक्षेचा अभ्यास करायला, फोनवर आलेलं सरकारी पत्र माझ्याकडून समजून घ्यायला. एक आजोबा निव्वळ चालू पंख्याखाली पेपर वाचायला. तुझ्या यंत्रात यांच्यातलं एकही माणूस नाही. बसून वाचणाऱ्यांचा, विचारायला येणाऱ्यांचा एक रकाना वाढव, एवढं तुला सांगायचं सोडून मी मेलेल्या माणसाला वाचायला लावलं. मी संगणकाला घाबरले, हेच खरं.

माझं जे व्हायचं ते होईल. तुझ्या कामावर शिंतोडे उडतील, त्याची मात्र माफी मागते.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी, ताई

---

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माफी मागू नकोस. मला हे पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

सर्वात जास्त वाचन करणाऱ्यांची यादी निघते, तिच्यात पहिलं नाव सुतारकाकांचं होतं. ते गेल्याचं तूच तर मला कळवलं होतंस. मी ते नाव पाहिलं, तू काय करते आहेस ते ओळखलं आणि यादी बंद केली. तुझ्या वाचनालयाची देवघेव दुपटीने वाढलेली दिसत होती. तो तक्ता दाखवून मी आणखी अकरा वाचनालयांना हीच व्यवस्था घ्यायला लावली. मेसेज सुरू करताना काकांचं नाव यादीत आहे, हेही मला ठाऊक होतं. वगळलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. म्हणून वगळलं नाही.

तो रकाना काल करून पाहिला. तीन तास लागले. वर्षभरात तीन तास मला सापडले नाहीत, आणि तुला समजावण्याचा आव आणत होतो.

तू पुस्तकांसाठी खोटं लिहिलंस. मी ते खरं मानलं ते स्वतःच्या मोठेपणासाठी. गुरुवारी संध्याकाळी पोचतो. शुक्रवारी समितीपुढे आधी मी बोलणार. रविवारी काकूंच्या सुनेकडेही मी येईन, आणि तिथेही दार मीच वाजवीन.

नेहमीसारखं लोभ ठेव असं लिहिण्याची हिंमत होत नाही. ठेवणार आहेस की नाही, ते गुरुवारी तोंडावर सांग.

तुझा, टिल्लू