मागच्या खोलीतलं पोस्ट ऑफिस

४ जुलै

चि. खटपट्यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर आपल्या दोघांची दुसऱ्या वाक्यालाच जुंपते, म्हणून कागद घेतला. मेल तर तुला किती पाठवल्या, तू ढिम्म.

बाबांनी गेल्या महिन्यात तुला मेल केली होती. मला शेजारीही बसू दिलं नाही. जन्मभर कचेरीत टायपिस्ट असलेल्या माणसाने चार ओळींना अख्खी सकाळ लावली. आमची लिफ्ट बंद पडल्यापासून ते चौथ्या मजल्यावर अडकलेत, गुडघे साथ देत नाहीत. तुझं घर तळमजल्यावर. मागच्या खोलीत राहायला येऊ का, एवढंच विचारलं होतं. दोन दिवसांनी तुझी मेल आली, की मागची खोली अखेर सत्कारणी लावली, तिथे माझा मेल सर्व्हर थाटलाय, आता घराचं स्वतःचं पोस्ट ऑफिस! वर फोटो. बाबांनी तो चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, त्याला जागा लागतेच. मग भरायला काढलेली बॅग माळ्यावर टाकली.

नाही म्हणायचं तर सरळ म्हणावं. फोटो कसले पाठवतोस?

लोभ आहेच, सध्या त्याच्यावर राग बसलाय.

ताई

९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाबांची मेल मला मिळालीच नाही. तुझीही एक नाही. बाहेरच्या कुणाचीच नाही, आणि महिनाभर मला त्याचा गंधही नव्हता.

झालं असं. सर्व्हर मागच्या खोलीत हलवताना नवा राउटर घेतला. बाहेरून आलेली मेल घरात कुणाकडे पोचवायची, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. जुन्याला सांगितलं होतं, नव्याला सांगायचं राहिलं. त्यामुळे माझी मेल सुखरूप बाहेर जायची, आणि तुमची दारात ताटकळून परत फिरायची. तशी लांबलचक इंग्रजी सूचना तुम्हाला आली असणार, आणि तुम्ही ती जाहिरात समजून टाकली असणार. मी मात्र रोज सकाळी न चुकता तपासणी करायचो. कशी? स्वतःच स्वतःला मेल पाठवून! ती घरातल्या घरात फिरून क्षणात यायची, आणि मी खूश. बायकोला स्वयंपाकघरात पाठवली, तीही पोचली. तिचं उत्तर आलं, की चहा हवा असेल तर उठून करा.

त्यात एकही फालतू जाहिरात येईना. माझी गाळणी किती कडक, अशी शेजारच्या डॉक्टरांपुढे फुशारकी मारली. तुझं पत्र आल्यावर त्यांनाच मेल पाठवायला सांगितली. आली नाही. तरी माझं शहाणपण बघ, आधी मी त्यांचाच फोन तपासला. आपण हसे लोकाला, अन् शेंबूड आपल्या नाकाला.

शेवटी राउटरमध्ये जे भरायचं राहिलं होतं ते भरलं. पहिली मेल आली ती गाद्यांच्या जाहिरातीची. ती बघून मला रडूच आलं. जाहिरातवाले पुन्हा पुन्हा पाठवतात. बाबा एकदाच विचारतात. त्यांना फोन केला, तर ऐकू येत नाही म्हणून त्यांनी ठेवून दिला. सोबतची चिठ्ठी त्यांना दे.

राग उतरेपर्यंत खालच्या लोभाने तग धरावा, ही विनंती.

तुझा उंटावरचा शहाणा

(सोबतची चिठ्ठी)

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मागची खोली तुमची आहे. तुम्हाला विचारावं लागलं, हेच मला लागलंय. सर्व्हर उचलून जिन्याखाली ठेवला. त्याची लायकी तेवढीच, आणि त्याच्या मालकाचीही. पलंग खिडकीशी लावलाय. मला तुम्ही इथे हवे आहात, बाबा. या.

आपला (आज्ञा पोचली तर) आज्ञाधारक,
खटपट्या

१५ जुलै

चि. खटपट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली. ताईने तिला आलेलं तुझं पत्रही वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला, त्यात राग कुठे गेला कळलं नाही.

फोनवर ऐकू येत नाही म्हणालो ते खोटं. स्वच्छ ऐकू येत होतं. ताईने कान उपटले म्हणून बोलावतोयस, असं मनात आलं आणि बोलवेना.

ताई म्हणते, ती मेल पुन्हा पाठवा, म्हणजे त्याच्या यंत्राचीही परीक्षा होईल. पण मी ती पुसून टाकली. फार गयावया झाली होती तिच्यात. साहेबांच्या नावाने तसली पत्रं मी ढिगाने टाइप केली. मुलाला लिहिताना मात्र बोटं अडखळली. तुला ती मिळाली नाही, याचं मला बरंच वाटतंय.

यंत्र जिन्याखाली ठेवलंस, तिथे ओल नाही ना? बघून घे. त्याच्यावर राग काढू नकोस.

परवा सकाळी शेजारचे दोघे मला खुर्चीत बसवून खाली उतरवणार आहेत. बसचं तिकीट ताईने काढलंय. तुझ्या उत्तरासाठी थांबत नाही. ते इथे येईल तेव्हा मी तिथे असेन.

बाबा