चंद्रीच्या नावाची बाटली

कोल्हापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप आण्णांच्या पायांशी,
तुमच्या बहिणीचा, शालनचा नमस्कार.

इकडे सगळी खुशाल आहेत. धाकटीचा खोकला बसला. ह्यांची गुरांच्या दवाखान्याची धावपळ आणि शाहूवाडीकडची फिरती नेहमीसारखीच चालली आहे. आईच्या गुडघ्यांचं तेल गणपतराव मास्तरांबरोबर पाठवलं, ते मिळालं असेल. घरात पाहुणी आहे, त्यामुळं तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

तर तुमच्या पत्राबद्दल. चंद्री म्हस दाजींच्या हातनं मेली, त्यांनी बाजारच्या दिवशी मुरगुडात येऊन चार माणसांत तसं कबूल करावं, तोवर शालननं माहेरची पायरी चढू नये, असं तुम्ही लिहिलंत. आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'बना शिरोळला माहेरी गेली आहे, खुशाल आहे.'

ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "येत्या बाजाराला जाऊन येतो. दोन शब्द बोलल्यानं माझं काय जातंय? तुझं माहेर तुटायला नको." कपडेसुद्धा इस्त्रीला टाकले. आण्णा, तेव्हा माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून उतरलेला नाही. त्याच भरात लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

शेजारची धोंडुबाई परवा मुरगूडहून आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "शालन, तुझ्या मालकाला तुझा भाऊच मुत्या डाक्टर म्हणतोय की गं! चावडीवर सगळी हसत्यात." मीही हसून घेतलं तिच्यासमोर. ती गेल्यावर मात्र भाकरी थापताना परातीवर असे हात आपटले की पोरं घाबरून बाहेर पळाली. आपल्या गावचे हंबीरराव आजारी बैल घेऊन ह्यांच्या दवाखान्यावरनं सरळ पुढं गेले, त्या पलीकडच्या झाडपाल्यावाल्याकडं. ह्यांनी दारातनं बघितलं आणि आत येऊन बसले. रात्रंदिवस ज्या माणसानं दुसऱ्याच्या गोठ्यात शेणात गुडघे टेकले, त्याचं नाव तुम्ही असं मातीत घातलंत. कुणी परक्यानं केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. आता कुणाच्या दारात जाऊ?

मुतात बघतात तरी काय, असं तुम्ही लोकांना हसून विचारता म्हणे. ऐका मग. व्यालेली म्हस दूध भरपूर देते आणि खाणं सोडते, तेव्हा एक रोग असा असतो की तो आधी मुतात दिसतो. ह्यांच्याकडं एक पांढरी पूड आहे. तिच्यावर थेंब टाकले आणि ती जांभळी झाली की रोग कळला. कळला की औषध आहे, जनावर उठतं. पण त्यासाठी मूत त्याच जनावराचं पाहिजे आणि ताजं पाहिजे. बाटली उकळत्या पाण्यानं धुतलेली पाहिजे. पहिली धार सोडून मधली धरायची. चंद्री खात नाही म्हणून तुम्ही आलात, तेव्हा हे सगळं ह्यांनी तुम्हाला आमच्या ओट्यावर बसवून सांगितलं, मी चहा गाळत होते. त्याआधी काय म्हणाले होते, तेही माझ्या कानांनी ऐकलंय. "आण्णा, मीच येतो उद्या सकाळच्या मोटारीनं. म्हस डोळ्यांनी बघितलेली बरी."

आणि तुम्ही कसे गडबडलात! "नगं नगं दाजी, तुमी कशाला तरास घेताय? मी आणतो की बाटली." एरवी वासराला गोचीड झाली तरी दाजींना मुरगुडात बोलावणारा माणूस. मला वाटलं, आण्णाला दाजींची कदर वाटली.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. ह्यांनी उजेडात धरली आणि कौतुक केलं, "शालन, तुझ्या भावानं नमुना आणावा तर असा. एक काडी नाही, शेणाचा कण नाही." पूड पांढरीच राहिली. मग ह्यांनी पोटाचं औषध दिलं. चंद्री वाळत गेली आणि मेली. त्या दिवसापासनं हे जेवताना मधेच थांबतात आणि विचारतात, "माझं चुकलं काय गं?" पुस्तकं काढून बसतात. मी म्हणायची, देवाची इच्छा.

देवाची इच्छा नव्हती ती. आता पाहुणी कोण, ते सांगते.

गेल्या आठवड्यात भरदुपारी दारात बनावहिनी उभी राहिली. पायात वहाण नाही, अंगावर घरातलं विटकं लुगडं. तुम्ही तिला दिवाळीनंतर हाकललंत, मूल होत नाही म्हणून. चंद्री नुकती व्याली होती, वहिनी चीक काढत होती आणि तुम्ही तिच्या हातातली चरवी काढून घेतलीत. एवढंसुद्धा थांबला नाहीत. शिरोळला तिचे आईबाप नाहीत, चुलता आहे. त्यानं थोडे दिवस ठेवली आणि मग भाकरी मोजायला लागला. 'माहेरी खुशाल आहे' लिहिताना तुम्हाला लाज वाटली नाही?

तिला म्हशीचं माहीत नव्हतं. मीच सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "वन्सं, चंद्री माझ्याशिवाय कुणाला शेपूट धरू देत न्हाय. माझ्या बानं आंदण दिल्यापास्नं मीच तिला धारंला बसतोय. दुसरं कोण मागं गेलं की लाथच. मी शेपटाखाली चोळल्याबिगार ती मुतायचीसुदीक न्हाय माणसाम्होरं. मग बाटलीत धरलं कुणी?"

आण्णा, मी चुलीसमोर बसले होते, तिथंच मला सगळं दिसलं. काडी नाही, कण नाही. आपल्या घरात वस्त्रगाळ करून कुणाचं मूत ठेवतात? गाईचं. आई रोज पहाटे गोमूत्र धरते, धुतलेल्या फडक्यानं गाळते आणि तांब्याच्या तांब्यात देव्हाऱ्याखाली ठेवते. लहानपणी तो तांब्या मीच घासत होते. चंद्रीनं तुम्हाला लाथ मारली असणार, तुम्ही देव्हाऱ्याखाली हात घातला आणि चंद्रीच्या नावानं आपल्या धडधाकट गाईचं मूत माझ्या नवऱ्याच्या हातात आणून दिलंत. मुतासारखं मूत, डॉक्टराला काय कळतंय, असंच ना?

आता 'तुम्ही' पुरे. लहानपणी म्हणत होते तेच म्हणते. तू लबाड आहेस, आण्णा. वहिनीला एक निरोप धाडला असतास तर ती शिरोळहून अनवाणी पळत आली असती. दाजींना येऊ दिलं असतंस तर त्यांनी पाय बांधून, नळी घालून कसंही मूत काढलं असतं. पण ते आले असते तर विचारलं असतं, वहिनी कुठं आहेत. तेवढं एक झाकायला तू दावणीची म्हस मरू दिलीस आणि वर तिचं मढं माझ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलंस.

ह्यांना मी सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे शालन, भाऊ आहे." मी नाही जाऊ देणार. इस्त्रीला टाकलेले कपडे मी घरी आणून ट्रंकेत घातले. हे मुरगुडात येणार नाहीत. येत्या बाजारला चावडीवर तू उभा राहायचंस आणि बाटलीत काय होतं ते तुझ्या तोंडानं सांगायचंस. नाही सांगितलंस तर त्याच्या पुढच्या बाजारला मी येते, वहिनीला बरोबर घेऊन, आणि आम्ही दोघी सांगतो. मला आवाज आहे, तुला ठाऊक आहे. माहेरची पायरी नको मला. चावडीला पायरी लागत नाही.

वहिनी इथंच राहील. तुझ्या घरी जायचं का, एवढंच मी तिला विचारलं. "मला न्हाय जायाचं," म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली. तिला तुझं काही नको. फक्त चंद्रीची रेडी पाठव. आंदणाच्या म्हशीची रेडी, ती तिचीच आहे. आमच्या परड्यात जागा आहे.

पत्र मिटण्याआधी वहिनीला विचारलं, तुझं काही लिहू का? मला वाटलं शिव्या सांगेल.  म्हणाली, "लिवा, रेडकाला पाजायच्या आदी त्याचं कपाळ खाजवा. तसं केल्याबिगार ते तोंड लावत न्हाय. उपाशी राहील."

एवढं तरी कर.

बनावहिनीची नणंद,
शालन