शेवटचे प्रकरण शिवलेली अकरा पुस्तके

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, सांगते की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत, पण कायद्याने डोके विचारले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी काही लिहून घेतलेले नाही, आणि सकाळपासून रक्तदाबाच्या गोळीशिवाय पोटात काही औषध नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करणार नाही. मी सांगते आहे आणि वकील लिहून घेत आहेत. त्यांनी शुद्धलेखनाच्या चार चुका केल्या होत्या, त्या मी भिंग लावून दुरुस्त केल्या. पूर्ण नावे पुरवणीत आहेत. इथे मी माणसांना रोज हाक मारते तशीच मारणार.

कलम पहिले. घर. तीन खोल्या आणि मागची गच्ची माझ्या एकटीच्या नावावर आहे. आतल्या दोन खोल्या आणि गच्ची मुलाला. समोरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली सुनेला, तिच्या एकटीच्या मालकीची. त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. ती मी परवा सुताराला बोलावून बसवून घेतली आहे. मुलगा म्हणेल, "आई, नवरा-बायकोत कसली आलीय वाटणी?" त्याचे उत्तर पुढे आहे. त्याने हा कागद पहिल्या ओळीपासून वाचावा, शेवटचे पान आधी उघडू नये. त्याला ती खोड आहे म्हणून सांगितले.

कलम दुसरे. बँकेतली ठेव मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. यांच्या वस्तू. हे गणिताचे शिक्षक होते. सगळी गल्ली यांना सर म्हणायची. यांची खुर्ची, छत्री आणि लाल पेन्सिलींचा डबा मुलाला द्यावा. त्या पेन्सिलींबद्दल सांगितल्याशिवाय हे कलम कोणाला कळणार नाही, म्हणून वकिलांनी कंटाळा केला तरी सांगते.

मला खुनाच्या गोष्टी आवडतात. लोक याला व्यसन म्हणतात, म्हणू देत. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, घरी येऊन सगळ्यांचे करायचे, आणि मग तासभर एक प्रेत, पाच-सहा संशयित आणि मी. कोण खोटे बोलतो आहे, कोणाच्या बुटाला चिखल कसा नाही, हे मला लेखकाच्या आधी कळले की दुसऱ्या दिवशी कामावर जाताना माझी मान ताठ असायची. या घरात माझे म्हणून एवढेच होते.

आणि हे काय करायचे? मी आणलेले पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचे पान उघडायचे. उत्तर आधी, रीत मागून. वाचून झाले की त्या पानावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, खाली तारीख घालायची, आणि मला हाक मारायची. "अगं, त्या माळ्यानंच मारलंय. चहा टाक."

लग्नाला सहा दिवस झाले होते तेव्हा पहिल्यांदा हे झाले. मी पन्नासाव्या पानावर होते. मी हसले. नवी नवरी दुसरे काय करणार? तेच चुकले. तेव्हाच पुस्तक यांच्या अंगावर फेकायला हवे होते. मी हसले म्हणून तो घरातला विनोद झाला, आणि सत्तेचाळीस वर्षे चालला. पाहुणे आले की हे मुद्दाम करायचे. "अहो, सांगू नका हो," मी म्हणायचे. "सांगितलं नाही तर काय मेलेला उठून बसणार आहे?" हे म्हणायचे, आणि सगळे हसायचे. एकदाच आम्ही असल्या सिनेमाला गेलो. यांनी दारावरच्या माणसाला आधीच विचारून ठेवले होते. मध्यंतरात दिवे लागले तसे हे उठले. "धाकटी बहीण. चल, आत्ता निघालो तर बसायला जागा मिळेल." आणि आम्ही खरोखर निघालो. बसमध्ये जागा मिळाली. मी खिडकीशी बसून रडले, आणि हे म्हणाले, डोळ्यात काही गेले का.

मारहाण नाही, दारू नाही, पगार हातात आणून देणार. अशा माणसाची तक्रार करायची कुठे आणि काय म्हणून? माझ्या आईलाही मी हे सांगू शकले नाही.

कलम चौथे. वन्सं, म्हणजे माझी नणंद, यांनी सव्वीस वर्षांपूर्वी माझे एक पुस्तक वाचायला नेले आणि आजतागायत "देते हं, वहिनी" म्हणत आहेत. त्यांना या घरातून काहीही देऊ नये. पुस्तक परत आले तर चहा द्यावा.

कलम पाचवे. माझे पितळी कडीचे भिंग आमच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांना. ते गृहस्थ शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी प्रुफे तपासायचे. रहस्यकथा छपाईला आली की ते शेवटच्या पानांचा फॉर्मा माझ्या टेबलावर पालथा ठेवायचे, वर शाईचा डबा ठेवायचे, आणि म्हणायचे, "बाई, हा उद्या. आधी मागचं संपवा." अक्षरे स्वतःच्या हाताने जुळवलेली, म्हणजे खुनी कोण हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक. पण तीस वर्षांत तोंडातून एक शब्द काढला नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला एक पुस्तक दिले. एका घड्याळजीचा त्याच्याच दुकानात खून होतो, आणि दुकानातली सगळी घड्याळे पाच वेगवेगळ्या वेळांना बंद पडलेली असतात. मी रजेवर असताना ते छापले गेले होते, म्हणून माझ्या नजरेखालून गेले नव्हते. "शेवट मीच जुळवलाय, बाई. तुम्हाला आवडेल," एवढेच म्हणाले.

कलम सहावे. पलंगाखालची ट्रंक आणि तिच्यातली अकरा पुस्तके. हे कलम मोठे आहे.

घड्याळजीचे पुस्तक मी घरात दाखवलेच नाही. ट्रंकेत घालून कुलूप लावले. पुढच्या काही वर्षांत आणखी दहा तशीच जमवली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर घेतल्याची तारीख लिहिली, आणि शेवटच्या प्रकरणाची पाने कडेने सुईदोऱ्याने शिवून टाकली. छापखान्यात पुस्तके बांधणाऱ्या बायकांनी मला ती शिवण शिकवली होती. पांढरा दुहेरी दोरा, सात टाके, गाठ आतून. किल्ली सुयांच्या डबीत. कशासाठी म्हणाल, तर हे गेल्यावर वाचायला. सांगताना लाज वाटत नाही, कारण आता लाज वाटण्यासारखी याहून मोठी गोष्ट पुढे आहे.

साखरेने यांची दृष्टी गेली. मग पायही गेले. समोरच्या खोलीत पलंग टाकला, आणि चौदा महिने हे त्यावर होते. सून चमच्याने भरवायची, मी बाकीचे करायचे. एके दिवशी हेच म्हणाले, "अगं, वाच की काहीतरी. तुझ्या त्या खुनाखुनीतलं वाच." मी ट्रंक उघडली. रोज दुपारी जेवणे झाली की दोन प्रकरणे मोठ्याने वाचायचे. हे डोळे मिटून ऐकायचे, मधेच म्हणायचे, "तो वकील लबाड दिसतोय." आणि शिवलेली पाने आली की मी पुस्तक मिटायचे.

"पुढं?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी मी नवे पुस्तक काढायचे. "अगं, कालचं राहिलं ना? कोणी मारलं?" "तुम्ही सर ना? सोडवा की गणित." अकरा पुस्तके मी अशी वाचली. शेवट मीही वाचला नाही, ते नंतर निवांत वाचायचे होते. एकदा सून स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, सांगून टाका ना त्यांना. किती केविलवाणं विचारतात." मी तिला म्हटले, तू यात पडू नकोस. खरे सांगायचे तर मला मजा येत होती. सत्तेचाळीस वर्षांत आली नव्हती इतकी.

घड्याळजी मी शेवटी ठेवला होता. त्या मंगळवारी दुपारी शिवलेल्या पानांपाशी आले आणि पुस्तक मिटले. यांचा श्वास त्या दिवशी बरा नव्हता. यांनी माझा हात चाचपून धरला. "घड्याळजीला कोणी मारलं गं?"

मी म्हटले, "उद्या."

"बरं," हे म्हणाले. ओठ थोडे हलले. मला वाटले कळ आली. मी चहा टाकायला आत गेले, आणि परत आले तोवर सगळे संपले होते.

महिन्याभराने घर रिकामे झाल्यावर मी कात्री आणि घड्याळजी घेऊन खिडकीत बसले. भिंग लावून दोरा शोधायला गेले, तर टाके आठ होते. वेडेवाकडे. गाठ बाहेरून. ती शिवण माझी नव्हती. कित्येक महिने ही पुस्तके माझ्या हातात होती, आणि स्वल्पविराम चुकला तर पकडणाऱ्या बाईला हे दिसले नाही, कारण मी पुस्तकाकडे नाही, यांच्या तोंडाकडे बघत होते.

दोरा कापला. सरळ शेवटचे पान उघडले आणि मजकुरावर तळहात ठेवला. खाली लाल पेन्सिलीची खूण. तारीख, मी पुस्तक घरी आणले त्यानंतर आठव्या दिवसाची. एकोणीस वर्षांपूर्वीची.

बाकीची दहाही पाहिली. एकूण एक पुन्हा शिवलेली. हळूहळू हात बसत गेला होता. अकराव्याचे टाके सात, जवळजवळ एका मापाचे. सुयांच्या डबीत किल्ली ठेवली होती, म्हणजे सुई आणि किल्ली एकाच जागी मिळाली. शर्टाचे बटण तुटले तर मला हाक मारणारा माणूस माझ्या पाठीमागे बसून पुस्तके शिवत होता.

आता मी काय समजायचे? विसरले होते म्हणावे, तर पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे गुण यांना शेवटपर्यंत पाठ होते. उत्तर माहीत असून विचारत होते, ते मनातल्या मनात मला हसत होते का? की मला एकदा जिंकू देत होते? आणि या अकरा पुस्तकांतला एकही खुनी यांनी मला कधी सांगितला नाही, तो का? तोंड कोणी धरले होते? इतकी वर्षे मी दुसऱ्यांचे खून सोडवले, आणि माझ्याच घरातल्या माणसाचा हेतू मला सापडत नाही. सापडत नाही म्हणून धड रागावता येत नाही, आणि राग तर आहेच. मेले ते मेले, वर हे माझ्या गळ्यात टाकून गेले.

म्हणून दहा पुस्तके ट्रंकेसकट सुनेला. तिने दोरे स्वतः कापावेत.

कलम सातवे. मुलासाठी. गेल्या महिन्यात सून आणि मी टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग बघत होतो. आठ आठवडे वाट पाहिली होती. तू मोबाइलमध्ये बघून दारातूनच ओरडलास, "ड्रायव्हर आहे गं तो! उगाच काय डोळे फोडताय दोघी." आणि ती हसली. ते हसणे मला चांगले माहीत आहे, मीच ते सत्तेचाळीस वर्षे हसले. बाळा, तू वाईट नाहीस. तुझे वडीलही नव्हते. पण ती आज हसते आहे, आणि उद्या तू पलंगावर असशील आणि वाचून दाखवणारी ती असेल. ते होऊ नये म्हणून ती खोली, ती कडी. टीव्ही त्याच खोलीत राहील, रिमोट सुनेचा. सुनेला एवढेच सांगते की राग येईल तेव्हा लगेच आरडाओरडा कर, साठवू नकोस. साठवलेला राग फार वाईट ठिकाणी निघतो.

कलम आठवे आणि अखेरचे. घड्याळजीचे पुस्तक. दोरा कापलेला आहे, पण शेवटचे प्रकरण मी वाचलेले नाही. ती लाल खूण दिसल्यावर तेव्हा वाचवले नाही, आणि आता भिंगानेही इतकी पाने होणार नाहीत. जुळाऱ्यांना विचारले तर ते सांगतील, पण मी विचारणार नाही आणि ते आपण होऊन बोलणार नाहीत.

वकील म्हणतात, "बाई, मृत्युपत्रात फक्त मेल्यानंतरचं लिहितात." मी म्हटले, तुम्ही लिहा, कायदा नाही मानणार, सून मानेल. माझा पलंग समोरच्या खोलीत टाकावा लागला की हे पुस्तक सुनेने उशाशी ठेवावे. घड्याळजीला कोणी मारले असे मी विचारले, तर तिने हातातले काम टाकावे, बसावे, आणि ते प्रकरण मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावे. "उद्या" म्हणू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे.

स्थळ: राहत्या घराची समोरची खोली
दिनांक: ९ मार्च, बुधवार, सकाळी साडेदहा

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही माझ्यादेखत झाली. बाईंचे डोके ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरा: जुळारी. सही माझ्यादेखत झाली. आतला मजकूर मी वाचलेला नाही. शेवटचे पान बाईंनी पालथे ठेवले होते, ते तसेच राहू दिले.